विजापूर शंभर, पुणे अडीचशे

या संभाषणातले मामा सोलापूरच्या पूर्व भागातले. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत त्यांचे टॉवेलचे आणि चादरीचे माग आहेत. भाची पुण्यात शिकून कर सल्लागार झालेली. मामांचा जीएसटीवर राग आहे, भाचीचा त्याच्यावर विश्वास आहे. दोघं एकाच घरातली म्हणून दाखवली असली, तरी त्यांच्या तोंडची वाक्यं सोलापुरात बऱ्याच तोंडांतून ऐकू येतात. मी ती दोन तोंडांत घातली आहेत, आणि राहवलं नाही तिथे मध्ये बोललो आहे.

मामा : एक देश, एक कर म्हणतेस ना? मग मला सांग, विजापूर इथनं शंभर किलोमीटर, पुणे अडीचशे. शेजारच्या पोराचे चार माग हायेत. पुण्याला माल पाठवला की एक टक्का भरतो अन् मोकळा होतो. विजापूरला एक गाठ पाठवायची म्हटली तर कायदा म्हणतो, नको. कुठला एक देश हा?

भाची : तो कंपोझिशन योजनेत आहे म्हणून तसं होतं.

मामा : नाव मला ठाऊक हाय. कारण सांग.

भाची : सांगते. पण मामा, २०१७ च्या १ जुलैपासून तुम्ही रागावताय आणि माझं गणित एकदाही शेवटपर्यंत ऐकलेलं नाही. आधी ते ऐका.

मामा : बोल.

भाची : एक चादर घ्या. तिला लागणारं सूत २०० रुपयांचं, त्यावर ५ टक्क्यांनी १० रुपये कर. डाइंग आणि सायझिंगची मजुरी ४० रुपये, त्यावर २ रुपये. म्हणजे तुमचे १२ रुपये कर म्हणून आधीच गेले. तुम्ही चादर ४०० ला विकली, गिऱ्हाइकाकडून २० रुपये कर घेतला. सरकारला किती द्यायचे? वीस नाही. विसातून बारा वजा, फक्त आठ. दुकानदारानं ती ५०० ला विकली. त्यानं २५ घेतले, तुम्हाला दिलेले २० वजा केले, ५ भरले. आता सगळी बेरीज करा. दहा, दोन, आठ आणि पाच, झाले पंचवीस. पाचशेचे बरोबर पाच टक्के. हा कर ना तुमच्या खिशातून गेला, ना दुकानदाराच्या. गेला तो ज्यानं चादर पांघरली त्याच्या खिशातून.

मामा : गणित चोख हाय.

भाची : पूर्वी तसं नव्हतं. सूत शहरात आलं की जकात, नंतर जकातीच्या जागी एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर. परराज्यात विकलं की केंद्रीय विक्रीकर. कारखान्यातून निघताना उत्पादन शुल्क, विकताना व्हॅट. एकाची वजावट दुसऱ्यात मिळायची नाही, म्हणजे करावर कर. २००४ मध्ये विजय केळकरांच्या समितीनं देशभर एकच वस्तू आणि सेवा कर सुचवला, तो हीच साखळी जोडण्यासाठी. फ्रान्समध्ये ही वजावटीची पद्धत १९५४ पासून आहे.

मामा : फ्रान्समध्ये सूतवाला पळून जात न्हाई वाटतं.

भाची : म्हणजे?

मामा : म्हणजे मी सुतावर कर भरला. बिल पक्कं, पैसे बँकेतनं दिले. अन् त्या बाबानं सरकारात भरलाच न्हाई. पोर्टलवर माझ्या नावापुढं काही दिसेना. मग नोटीस मला! चोरी त्यानं केली, दंड मी भरायचा? जकातीच्या काळात नाक्यावर एक माणूस बसायचा. आता प्रत्येक व्यापारी दुसऱ्याचा नाकेदार झालाय, अन् पगार कुणालाच न्हाई.

भाची : तो नियम बनावट बिलांमुळे कडक झाला. माल न देता नुसती बिलं विकणाऱ्या टोळ्या देशभर पकडल्या गेल्यात. म्हणून २०२२ च्या जानेवारीपासून पुरवठादारानं दाखवलेलं बिल पोर्टलवरच्या तुमच्या २बी तक्त्यात दिसलं तरच क्रेडिट, म्हणजे त्या कराची वजावट, मिळते.

मामा : दिसलं अन् तरी त्यानं पैसे भरलेच न्हाईत तर?

भाची : तर कलम १६ प्रमाणे तुमचं क्रेडिट जाऊ शकतं. व्याजासकट.

इथे मला मामांची बाजू घ्यावीशी वाटते. सरकारकडे अधिकारी आहेत, पुरवठादाराचा पॅन आहे, बँक खातं गोठवण्याचा अधिकार आहे. चार मागांच्या मालकाकडे त्या पुरवठादाराचा फक्त मोबाइल नंबर असतो, तोही बहुधा बंद. तरी वसुलीचा सोपा मार्ग म्हणून कायदा पाहतो तो मालकाकडे. साखळीच्या गणितात प्रत्येक कडी सारखी मोठी धरलेली असते. पेठेत मोठी गिरणी छोट्या विणकराला हवं तेव्हा बिल देते, छोटा विणकर मोठ्या गिरणीला जाब विचारू शकत नाही.

भाची : पण तुम्हीही आता बिलाशिवाय सूत घेत नाही ना?

मामा : घेऊन सांगू कुणाला? गिऱ्हाईक पक्कं बिल मागतं. हैदराबादचा व्यापारी पहिल्या फोनवर विचारतो, जीएसटी नंबर हाय का.

भाची : तेच तर! बिल मागायला सरकारला दारात माणूस उभा करावा लागला नाही. गिऱ्हाइकालाच ते हवं झालं.

मामा : गिऱ्हाइकाला बिल लगेच पायजे, पैसे मात्र चार महिन्यांनी. पेठेतली उधारी तुला म्हायती न्हाई. माल गेला की पुढच्या महिन्याच्या वीस तारखेला कर माझ्या खिशातनं जातो. म्हणजे सरकारला मी बिनव्याजी कर्ज देतो.

भाची : उलाढाल पाच कोटींपर्यंत असली तर रिटर्न तीन महिन्यांनी भरता येतं.

मामा : रिटर्न तीन महिन्यांनी. पैसे?

भाची : पैसे दर महिन्याला.

मामा : बस्स.

आता थोडं मागे जायला हवं, कारण सोलापूरचा राग वीस तारखेपुरता नाही. १९५७ साली केंद्र आणि राज्यांमधला एक समझोता अमलात आला. साखर, तंबाखू आणि कापड या मालांवर राज्यांनी विक्रीकर लावायचा नाही. त्याऐवजी केंद्र त्यांच्यावर जादा उत्पादन शुल्क घेईल आणि ते राज्यांना वाटून देईल. साखर, तंबाखू, कापड. सोलापूर जिल्ह्याचा नकाशा समोर ठेवून यादी केल्यासारखी वाटते ही. जिल्हाभर साखर कारखाने, शहरात घरोघर विडी वळणाऱ्या बाया आणि पूर्व भागात रात्रंदिवस खडखडणारे माग. दुसऱ्या गावांत किराणा दुकानदाराला विक्रीकर अधिकारी ओळखीचा होता. कापडाच्या पेठेत मात्र दोन-तीन पिढ्यांनी त्याचं तोंड पाहिलं नव्हतं. जुलै २०१७ मध्ये सुरतच्या कापड बाजारानं दिवसेंदिवस शटर खाली ठेवलं ते याच कारणानं. पाच टक्के त्यांना जड नव्हते. वह्या दाखवणं जड होतं.

मामा : वह्या दाखवायला मी कधी भ्यालो न्हाई. माझं म्हणणं येगळं हाय. व्हॅटच्या वेळी राज्याचं बजेट आलं की आम्ही कान टवकारून बसायचो. हळद, मिरची, गूळ, पापड, अन् त्याच ओळीत सोलापुरी चादर अन् टॉवेल. करमाफी एक वर्ष पुढं चालू. नाव घेऊन! मुंबईत कुणाला तरी ठाऊक होतं, सोलापूर म्हणून गाव हाय अन् तिथं चादर होते.

भाची : माफी होती म्हणजे कर नव्हता असं नाही, मामा. रंगावर कर होता, रसायनांवर होता, मागाच्या सुट्या भागांवर होता. चादर करमुक्त म्हणून त्याची वजावट मिळायची नाही. तो सगळा चादरीच्या किमतीत मुरायचा. माफी दिसायची, कर दिसायचा नाही.

मामा : दिसत नव्हता म्हणून झोप लागत होती.

भाची : आणि दर वर्षी मुंबईला जाऊन माफी मागायची, हे बरं होतं? ज्याची ओळख त्याला सवलत.

मामा : ओळख तरी होती. आता कोड हाय. आकड्यांचा कोड टाकला की ५ टक्के. सोलापुरी चादरीला जीआय मिळालाय, भौगोलिक का काय ते. सरकारचं एक खातं म्हणतं, ही चादर जगात एकाच गावची. दुसऱ्या खात्याला ती अन् पानिपतची गोधडी सारखीच.

भाची : कर सारखाच असायला हवा.

मामा : असू दे. पण तो बारा होणार होता तेव्हा आम्ही कुणाकडं गेलो असतो?

मामा बोलतायत ते २०२१ च्या डिसेंबरबद्दल. १ जानेवारी २०२२ पासून कापड आणि कपड्यांवरचा कर ५ चा १२ टक्के होणार, असं जाहीर झालं होतं. कारण बरोबर होतं. कृत्रिम धाग्याच्या सुतावर १२ टक्के आणि त्याच्या कापडावर ५ टक्के, म्हणजे कच्च्या मालावर कर जास्त आणि पक्क्यावर कमी, क्रेडिट नुसतं साचत जायचं. त्यातही जुलै २०१८ पर्यंतचं साचलेलं क्रेडिट कापडवाल्यांना परत मिळणारच नव्हतं. पण कृत्रिम सुताची दुखापत बरी करायला सुती कापडालाही बारा लावायचे, हा उपाय अजब. शेवटी वर्षाच्या अखेरच्या दिवशी, ३१ डिसेंबरला, जीएसटी कौन्सिलची बैठक झाली आणि वाढ पुढे ढकलली गेली. चपलांची वाढ मात्र झाली. खरी दुरुस्ती यायला २०२५ चा सप्टेंबर उजाडला. कृत्रिम धागा आणि सूत दोन्ही ५ टक्क्यांवर आलं. चादर-टॉवेलसारख्या मालाला नगामागे २५०० रुपयांपर्यंत ५ टक्के ठरले, त्यापुढे १८. सोलापुरी चादर बहुतेक त्या मर्यादेच्या बरीच खाली असते, त्यामुळे तिच्या दरात फरक पडला नाही.

भाची : म्हणजे व्यवस्था चुकते आणि सुधारते.

मामा : आठ वर्षांनी. मध्ये किती माग भंगारात गेले ते कुणी मोजायचे?

भाची : सगळं जीएसटीमुळे नाही ते. वीज, जुने माग, चीनचा माल...

मामा : वीज! बरं आठवलं. माझा माग कशावर चालतो?

भाची : विजेवर.

मामा : मालाचा ट्रक?

भाची : डिझेलवर.

मामा : दोन्हीवरचा कर वजा होतो का माझ्या त्या आठ रुपयांतनं?

भाची : नाही. डिझेल आणि पेट्रोल संविधानाप्रमाणे जीएसटीत आहेत, पण कधी आणायचे ती तारीख कौन्सिलनं ठरवायची. ती ठरलेली नाही. वीजही बाहेरच. राज्यांना आणि केंद्राला दोघांनाही त्या पैशाचा मोह सुटत नाही. हे मला मान्य आहे.

मामा : मग एक कर कुठला गं? सोपं ते आम्हाला दिलं, दुभतं ते त्यांनी ठेवलं.

साखरेबद्दल दोघं फार बोलले नाहीत, मीही बोलत नाही. साखर ५ टक्क्यांवर आहे. मळीवर २८ होते, ते २०२३ च्या ऑक्टोबरात ५ केले. पिण्याची दारू राज्यांनी स्वतःच्या हातात ठेवली. विडीवर मात्र दोघांची चांगलीच जुंपली.

मामा : तुझी आजी विड्या वळायची. सकाळी पानं भिजवायची, दुपारी कात्री, संध्याकाळी ब्रँचला माल. त्या विडीवर २८ टक्के लावले २०१७ ला. चैनीच्या गाडीला जो दर, तोच विडीला.

भाची : तंबाखू आहे ती. आजी खोकून खोकून गेली, ते विसरलात?

मामा : विसरलो न्हाई. पण कर लावल्यानं खोकला गेला का? काम गेलं. आठवड्यात मिळणारी पानं कमी झाली. २०२५ ला कौन्सिलनं विडी १८ वर आणायचं ठरवलं अन् तेंदूपत्ता ५ वर, ते उशिरा आलेलं शहाणपण.

भाची : मला ते शहाणपण वाटत नाही. सिगारेटवर ४० ठरवायचे आणि विडीवर १८? गरिबाचा तंबाखू कमी विषारी असतो का? आणि एक विचारू? कर दहा टक्क्यांनी उतरला म्हणून हजार विड्यांमागची मजुरी वाढली, असं एक तरी घर दाखवा. कुंभारीच्या वसाहतीत जाऊन विचारा.

मामा गप्प झाले. कुंभारीला विडी कामगार बायांची दहा हजार घरांची वसाहत आहे, तिथल्या कोणाचाही रिटर्नशी संबंध नाही. दर दिल्लीत ठरतो, फायदा कारखानदार आणि गिऱ्हाईक यांच्यात वाटला जातो. मजुरीचा करार वेगळ्या टेबलावर होतो. भाचीचा प्रश्न बरोबर आहे. पण विडीचा खप घसरला तर पहिला फटका याच वसाहतीला बसतो, तेव्हा मामांचंही चूक नाही. विडी वळणाऱ्या बाईला दुसरं काम मिळेपर्यंत हा वाद सुटणार नाही, आणि ते काम देणं कोणत्याही करपत्रकाच्या हातात नाही.

भाची : तुम्ही जकात नाका आठवता, पण तिथं ट्रक रात्ररात्र उभे असायचे हे सांगत नाही.

मामा : सांगतो की. चिरीमिरी दिल्याशिवाय दोरी वर जायची न्हाई. नाका गेला ते बरं झालं. पण तो पैसा शहराचा होता. आता महापालिका काय खाते?

भाची : राज्य सरकार भरपाई देतं. त्यासाठी २०१७ चा वेगळा कायदा आहे. दर महिन्याला अनुदान, दर वर्षी त्यात ८ टक्के वाढ.

मामा : म्हणजे मागायचं. शहरात चार दिवसांआड पाणी, अन् महापालिका मुंबईच्या चेकची वाट बघत बसते. नाक्यावर चोरी होत होती खरी, पण गावात धंदा वाढला की गावाचा गल्ला वाढायचा.

भाची : आता धंदा वाढला तर राज्याचा वाढतो. तोही माल जिथं खपेल त्या राज्याचा.

मामा : आलीस जागेवर! आता सांग विजापूरचं.

भाची : सांगते. जीएसटी खपणाऱ्या ठिकाणी जमा होतो. तुम्ही ४०० ची चादर हैदराबादला पाठवली तर २० रुपये आयजीएसटी, म्हणजे आंतरराज्य जीएसटी. दहा केंद्राचे, दहा तेलंगणाचे. इतकंच नाही, महाराष्ट्रात घेतलेल्या सुतावर राज्याला मिळालेला वाटाही तुम्ही क्रेडिट वापरलं की हिशेबात तिकडे वळतो. कारखाना सोलापुरात, कर तेलंगणात. पूर्वीच्या केंद्रीय विक्रीकरातला पैसा माल बनवणाऱ्या राज्याकडे राहायचा. म्हणूनच कारखानदारी असलेली राज्यं घाबरली होती आणि त्यांना पाच वर्षं, जून २०२२ पर्यंत, वर्षाला १४ टक्के वाढ धरून भरपाई दिली.

मामा : माल आमचा, धूळ आमच्या छातीत, अन् कर तेलंगणाला.

भाची : पांघरणारा तेलंगणातला आहे, कर तो देतो. त्याच्या पैशानं त्याच्याच राज्याचा रस्ता व्हावा, यात अन्याय काय? महाराष्ट्रात बाहेरून किती माल येतो, त्याचा कर आपल्याला मिळतोच की. देशात सगळ्यात जास्त जीएसटी महाराष्ट्रात जमतो.

मामा : जमतो मुंबईत. बरं, पोराचं बोल.

भाची : कंपोझिशनवाला उलाढालीवर एक टक्का भरतो. अर्धा केंद्राला, अर्धा महाराष्ट्राला. गिऱ्हाइकाकडून कर घेत नाही, क्रेडिट घेत नाही, बिलागणिक हिशेब देत नाही. आता त्यानं माल विजापूरला पाठवला, तर तो अर्धा टक्का कर्नाटकाचा. पण कुठलं बिल कुठं गेलं, हे त्याच्या रिटर्नमध्ये दिसतच नाही. म्हणून कायद्यानं सरळ बंदी घातली.

मामा : अन् ज्याची उलाढाल चाळीस लाखांच्या आत, ज्याला नोंदणीच लागत न्हाई, तो?

भाची : त्याला महाराष्ट्रात गडचिरोलीपर्यंत विकता येतं. सीमेपलीकडे यंत्रमागाचा पहिला टॉवेल पाठवायचा तरी आधी नोंदणी. २०२३ च्या ऑक्टोबरपासून अशा छोट्यांना ऑनलाइन विकायची सवलत दिली, तीही राज्याच्या आतच.

मामा : म्हणजे नाका हाय. अक्कलकोटच्या पुढं दुधनीपाशी हाय, फक्त तिथं दोरी दिसत न्हाई. तिकडची माणसं सोलापूरच्या बाजारात येतात, दवाखान्याला येतात, लेकी देतात. फक्त पोराची चादर बिगर नोंदणीची तिकडं जाऊ शकत न्हाई.

भाची : त्या पोरानं नियमित नोंदणी करावी. त्रैमासिक रिटर्न भरावं. फार अवघड नाही.

मामा : तुझी फी किती?

भाची हसली, उत्तर दिलं नाही. उशीर झाला तर शून्य उलाढालीच्या रिटर्नलाही दिवसाला २० रुपये विलंब शुल्क पडतं. चार मागांच्या पोराला सल्लागाराची फी, सॉफ्टवेअर आणि असा दंड मिळून जे लागतं, ते मोठ्या कारखान्यालाही जवळपास तेवढंच लागतं. फरक एवढाच, की मोठ्याच्या उलाढालीत ते शोधावं लागतं आणि पोराच्या उलाढालीत ते डोळ्यांत खुपतं.

मामा : एक विचारतो. ई-वे बिलात गाडीचा नंबर अन् गाव लिहावं लागतं ना? पन्नास हजारांच्या वर माल राज्याबाहेर गेला की?

भाची : लागतं.

मामा : म्हणजे सरकारच्या कॉम्प्युटरला कळतं, गाठ विजापूरला गेली. मग पोराचा अर्धा टक्का विजापूरच्या नावानं टाकायला त्या कॉम्प्युटरला काय अडचण?

भाची : ... तशी काही नाही. करता येईल. रिटर्नमध्ये एक रकाना वाढवायला लागेल.

मामा : कोण वाढवणार?

भाची : कौन्सिल. तिथं केंद्राच्या मताचं वजन एक तृतीयांश, सगळ्या राज्यांचं मिळून दोन तृतीयांश. ठराव पास व्हायला तीन चतुर्थांश लागतात.

मामा : महाराष्ट्राची किती मतं?

भाची : एक.

मामा : सिक्कीमची?

भाची : एक.

मामा : अन् कर्नाटकची एक. तिकडचा व्यापारी बी आमच्या मालासाठी थांबलाय. दोन झाली की. बाकीची कुणी मोजायला घेतली का?